साठ खण आणि एक घमेले

मित्रांनो, मला पाहिले की मोठी माणसेसुद्धा एकच गोष्ट करतात. हात पुढे करतात आणि उगाचच माझा एखादा खण ओढून बघतात. ओढा, मला राग येत नाही. त्यासाठीच तर मला घडवले आहे. मी एक जुने लाकडी कपाट. दहा आडव्या रांगा, प्रत्येक रांगेत सहा खण, असे एकूण साठ. ग्रंथालयाच्या शिपायाने पहिल्याच आठवड्यात माझे नाव ‘साठखण्या’ ठेवले आणि तेव्हापासून मी स्वतःला कपाट न समजता साठखण्याच समजत आलो.

मला घडवणारा सुतार बोलायला कमी आणि रंधा मारायला जास्त. त्याने एकेक खण इतका नेमका बसवला, की वरचा खण जोरात आत ढकलला तर आतल्या हवेने खालचा खण बोटभर बाहेर यायचा. लोक दचकायचे, मग हसायचे. प्रत्येक खणावर पितळी चौकट होती, चौकटीत अक्षर लिहिलेली चिठ्ठी आणि पोटात हजारो कार्डे. कुठले पुस्तक कुठल्या दालनात, कितव्या फळीवर, ते सगळे मला ठाऊक. चाळीस वर्षे माणसे माझ्यापुढे कमरेत वाकून उभी राहिली. खोटे कशाला सांगू, मीही जरा फुशारलोच होतो. जगात जे काही आहे ते माझ्या पोटात आहे, असे मला वाटायचे.

मग संगणक आला. माझ्या चार खणांएवढाही नसेल, पण त्याने माझी साठही तोंडे बंद केली. कार्डे पोत्यांत भरून गेली आणि मी व्हरांड्यात आलो. माझ्या डोक्यावर आधी ओल्या छत्र्या आल्या, नंतर मोडक्या खुर्च्या. माझ्या जवळून जाताना जिचा हात अजूनही सवयीने माझ्या पितळेवरून फिरायचा, अशी एकच व्यक्ती उरली होती. ती म्हणजे मागच्या खोलीत फाटकी पुस्तके बांधणारी बाई. तिच्या बोटांना कायम डिंकाचा वास असायचा, म्हणून सगळे तिला डिंकताई म्हणत.

एके दिवशी पुस्तकबांधणीची खोलीही बंद झाली. पुस्तक फाटले की नवेच मागवायचे, असे ठरले. निरोपाच्या दिवशी ग्रंथपाल म्हणाले, “ताई, आठवण म्हणून काय देऊ तुम्हाला?”

डिंकताईंनी क्षणभरही विचार केला नाही. “व्हरांड्यातलं ते कपाट द्या.”

त्यांचे यजमान शहरात बस चालवायचे, म्हणून त्यांना सगळे ड्रायव्हरच म्हणत. ते दोन सोबत्यांना आणि एक टेम्पो घेऊन आले आणि मला उचलताना तिघांच्याही तोंडाला फेस आला.

“अगं, लोक नोकरी संपली की घड्याळ घेऊन घरी येतात,” ड्रायव्हर धापा टाकत म्हणाले. “तू हे काय धूड उचललंस?”

“घड्याळ आहे की घरात. खण कुठे आहेत?”

“खण कशाला?”

“बी ठेवायला.”

“कसलं बी?”

“ते अजून ठरायचंय,” डिंकताई म्हणाल्या आणि टेम्पोत माझ्याशेजारी जाऊन बसल्या.

मित्रांनो, तेवढ्यावरच त्यांची बागाईत सुरू झाली. ना अनुभव, ना अवजारे. बसआगाराच्या भिंतीमागे एक जमिनीची पट्टी होती, वीस पावले रुंद आणि सत्तर पावले लांब. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांची. जन्मभर त्यांनी सार्वजनिक उद्यानात नोकरी केली होती, म्हणून त्यांना सगळे माळीकाका म्हणत. काकांचे गुडघे गेले होते आणि पट्टीत गुडघाभर गवत माजले होते. त्यांच्या पुतण्याला तिथे टेम्पो उभे करायचे होते.

“एक वर्ष कर,” काकांनी डिंकताईंना सांगितले. “एक वर्षानंतर बघतो. हौस म्हणून करणार असशील तर आत्ताच सांग, पुतण्याला निरोप धाडतो.”

“हौस नाही काका. विकायचं आहे. भाजी आणि फुलं, दोन्ही.”

“बरं,” काका म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये विश्वास पसाभरही नव्हता.

पट्टीच्या टोकाला पत्र्याची खोली होती. तिथल्या खिडकीला लागून मला उभे केले. आयुष्यात पहिल्यांदा मला बाहेरचे दिसू लागले. मी तोवर फक्त भिंती पाहिल्या होत्या.

पहिल्या हंगामात डिंकताईंनी करता येतील तेवढ्या चुका केल्या. पुस्तकाच्या पाठीला शिवण घालावी तशी त्यांनी मोजपट्टी लावून, दोरी ताणून मुळा पेरला, पण सगळा एकाच दिवशी. साहजिकच सगळा मुळा एकाच दिवशी तयार झाला. आठवडाभर ड्रायव्हर आगारात ज्याला त्याला मुळा वाटत फिरत होते. शेवटी त्यांना लांबून येताना पाहिले की वाहक मंडळी वाट बदलू लागली. गाजराचे बी इतके खोल गाडले, की त्याला वर येण्याचा रस्ताच सापडला नाही. पालकाचे बी मुंग्यांनी रांग लावून नेले. काका काठी टेकत यायचे, बघायचे आणि “हं” म्हणून निघून जायचे.

तरी काही उगवलेच. टोमॅटो आले, घेवडा आला, झेंडू, झिनिया, पॉपी, अ‍ॅस्टर. पहिले सूर्यफूल उमलले त्या सकाळी डिंकताई त्याच्यापुढे हात जोडावेत तशा उभ्या होत्या. त्यांच्याहून ते वीतभर उंच होते. “हे तेवढ्याशा बियातून?” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. कोपऱ्यावरचा फुलवाला त्यांची फुले घेऊ लागला. अ‍ॅस्टर तर त्याला इतके आवडले, की पुढच्या हंगामातले सगळे त्याने तेव्हाच मागून ठेवले.

हंगाम सरता सरता त्यांनी चांगली झाडे वाळेपर्यंत न तोडता उभीच ठेवली आणि बी धरले. आणि ते बी, सोबत पेरून उरलेले आणि नवे विकत आणलेले बीही, माझ्याकडे आले.

त्या दिवसाचे वर्णन कसे करू? पॉपीचे वाळके बोंड डिंकताईंनी माझ्या खणावर उपडे केले आणि झटकले, तर त्यातून निळसर काळी धूळ पडली. मला वाटले, कचरा आहे. “हजारभर तरी असतील नाही का हो?” त्या ड्रायव्हरना म्हणाल्या. हजारभर! एका खणाच्या कोपऱ्यात, फुंकर मारली तर उडून जाईल एवढ्या धुळीत, हजार झाडे झोपलेली होती. कार्डांनी भरलेला खण ओढायला दोन हात लागत. हा खण कार्डाच्या एका चळतीइतकाही जड नव्हता. चाळीस वर्षे मी गोष्टींची नुसती नावे सांभाळली होती. आता गोष्टी स्वतःच माझ्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. माझी फुशारकी त्या दिवशी गळून पडली, मित्रांनो. मी श्वास घेऊ शकलो असतो तर तो रोखून धरला असता.

चौकटीत पुन्हा चिठ्ठ्या लागल्या. डिंकताईंचे अक्षर बारीक आणि देखणे. काका म्हणाले होते, “बियांच्या पुड्या कर, पुडीवर नाव घाल.” पण डिंकताईंना माझा फार अभिमान. “साठ खण असताना पुड्या कशाला, काका?” त्यांनी खणात जाड कागद अंथरून बी तसेच सुटे ठेवले.

पुढच्या पेरणीला पंधरा दिवस उरले असताना त्या चार दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या. ड्रायव्हरना सुट्टी होती. बायको येईपर्यंत काहीतरी झकास करून ठेवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांची नजर माझ्यावर पडली. माझे पॉलिश उडालेले, पितळ काळवंडलेले.

बिचाऱ्यांनी काय मेहनत घेतली! साठही खण बाहेर काढले, घासले, दोन हात पॉलिश दिले. चौकटी उचकटून चिंचेने घासून चमकवल्या. जुने कागद, चौकटींतल्या चिठ्ठ्यांसकट, जाळून टाकले. मी अगदी नवरदेवासारखा दिसत होतो. आणि आतून ओरडत होतो, पण कपाटाचे ओरडणे कोणाला ऐकू जाणार?

डिंकताई आल्या. दारातच थबकल्या. “अहो, काय सुंदर दिसतंय हे!” असे म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि एक खण ओढला. मग दुसरा. मग तिसरा.

“बी कुठे आहे?”

“ते होय? जपून ठेवलंय की.” ड्रायव्हरनी कोपऱ्यातले घमेले पुढे ओढले आणि त्याच्यावरचे फडके अलगद बाजूला केले. “सगळं यात आहे. एक दाणा इकडचा तिकडे नाही.”

घमेल्यात पहिल्या हंगामाची सगळी मेहनत एकत्र होऊन पडली होती. घेवड्याचे टपोरे दाणे, झेंडूच्या काड्या, कोबीचे गोल मणी आणि सगळ्यांच्या तळाशी सांडलेल्या पावडरीसारखी पॉपी.

डिंकताई खालीच बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “साठ गाड्यांमधले प्रवासी उतरवून एका गाडीत कोंबलेत. सगळ्यांच्या पाट्या जाळल्यात. आणि वर मला सांगताय, एकही खाली पडला नाही म्हणून.”

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. काय झाले ते त्यांना त्या क्षणी कळले. “अगं, मला वाटलं...” ते पुटपुटले.

दोन दिवस दोघेही घमेल्याला वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ड्रायव्हर चष्मा लावून घमेल्यापुढे मांडी घालून बसलेले. घेवडा, वाटाणा, सूर्यफूल वेगळे काढत होते. थोड्या वेळाने डिंकताई आल्या, समोर बसल्या आणि झिनिया वेचू लागल्या. तासाभराने म्हणाल्या, “पुड्या करायला सांगितलं होतं काकांनी. मीच ऐकलं नाही.” ड्रायव्हर मान वर न करता म्हणाले, “पण ओतलं मीच.” दोघांनी आपापला वाटा उचलला आणि भांडण तिथेच विरले.

पिठाची चाळण आणि चहाची गाळणी घेऊन त्यांनी जमेल तेवढे निवडले. पण बारीक बी हटून बसले. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि मोहरी हे तर एकाच आईची लेकरे, कोण कोण ते देवालाच ठाऊक. काका आले. त्यांनी घमेल्यात मूठ खुपसली आणि बी बोटांच्या फटींतून सावकाश गाळले.

“आता काय करू, काका?”

“पेर. दुसरं काय येतं आपल्याला?”

“अहो पण कुठे काय आहे ते कळणार कसं?”

“बी बोलत नाही पोरी. रोप बोलतं,” काका म्हणाले. “तू फक्त त्याच्यापुढे बस.” जाताना दारात थांबून पुढे म्हणाले, “पुतण्या विचारत होता. चार महिन्यांत वर्ष भरतंय.”

खिडकीखालचाच वाफा त्यांनी निवडला. सरमिसळ बी राखेत कालवून विरळ फेकले. आणि मग वाट पाहणे सुरू झाले. एक दिवस गेला, दोन गेले, तीन. माती जशीच्या तशी. डिंकताई सकाळी यायच्या, चार पायांवर ओणव्या होऊन नाक मातीला लावायच्या, उठायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी मातीला एक भेग पडली होती. तेवढीच, केसाएवढी. मी ती एकटक पाहत राहिलो. दुपारी त्या भेगेचे एक ढेकूळ उचलले गेले, मित्रांनो! माझ्या खणाच्या मुठीएवढे ढेकूळ, आणि त्याच्याखाली पाठ वाकवून उभे होते दोऱ्याएवढ्या जाडीचे एक पांढरे देठ. मला हलवायला तीन माणसांच्या तोंडाला फेस आला होता. या एवढ्याशा जिवाला कोण बळ देत होते?

मग तर झुंबडच उडाली. रोज सकाळी वाफ्यात नवी मंडळी हजर. आणि काय सांगू, काकांचे खरे होते. ती बोलत होती! मुळ्याची पहिली दोन पाने बदामाच्या आकाराची, मोठी, ऐसपैस. कोबीचीही तशीच, पण आखडती. टोमॅटोची लांबट टोकदार, देठावर जांभळट लव. बारीक पाने बोटांत चुरगाळून हुंगली की झेंडू झटकन नाव सांगायचा. शेपू आणि गाजर सुईसारखी सारखीच उगवली, वास मात्र शेपूचा लपेना. शेजारच्या वाफ्यात घेवडा स्वतःचे बी मानेवर घेऊन वर यायचा आणि वाटाणा मात्र ते जमिनीखालीच ठेवून नुसता हात बाहेर काढायचा. बीटचा एक खडबडीत दाणा लावला, तर एकाच जागी तीन रोपे निघाली.

“अगं, हा एका तिकिटावर तीन!” ड्रायव्हर ओरडले. डिंकताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या.

ड्रायव्हर आता कामावर जाण्याआधी रोज तासभर वाफ्यापाशी बसायचे. जन्मभर त्यांनी काचेपलीकडचा रस्ता पाहिला होता, आता डोळ्यांपुढची वीतभर माती पाहू लागले. वहीत प्रत्येक रोपाचे चित्र काढायचे. त्यांनी चाळीस रोपे मोठ्या प्रेमाने उचलली, ओळीत लावली, ऊन लागू नये म्हणून वर कागदाच्या टोप्या घातल्या. काका आले, टोपी काठीने उचलली आणि इतके हसले की त्यांना पकडावे लागले. चाळीसच्या चाळीस तण होते.

पण सगळेच काही हसण्यावारी गेले नाही. अ‍ॅस्टर उगवलेच नाहीत. एकही नाही. सरमिसळीत गुदमरले, की राखेत गेले, कोण जाणे. डिंकताई महिनाभर त्यांना शोधत राहिल्या. आगारासमोरच्या खानावळवाल्या काकू डिंकताईंची भाजी घ्यायच्या, त्यांना कबूल केलेले टोमॅटोही तीन आठवडे उशिरा आले, आणि काकूंनी चार शब्द सुनावलेच. डिंकताईंनी मान खाली घालून ऐकून घेतले. फुलवाल्याला निरोप द्यायला मात्र त्यांना धीर होईना. शेवटी तोच आला.

“ताई, माझे अ‍ॅस्टर?”

“नाहीत हो. एकही नाही उगवला.” त्यांनी काही लपवले नाही, घमेल्यासकट सगळे सांगितले. मागे उभे असलेले ड्रायव्हर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

फुलवाला वैतागून वळला आणि वळताना त्याची नजर खिडकीखालच्या वाफ्यावर गेली. तो वाफा आतापर्यंत कोणी आवरलाच नव्हता. गर्दीत उपटायचे राहिलेले मुळे फुलले होते, त्यांची फुले फिकट जांभळी. कोथिंबिरीला पांढरी जाळी आली होती. शेपूच्या पिवळ्या छत्र्या डोक्याएवढ्या उंच गेल्या होत्या आणि त्यांच्या मधूनमधून लाल पॉपी पेटली होती. वाऱ्याची झुळूक आली की सगळा वाफा एकदम श्वास सोडावा तसा हलायचा.

“हे काय आहे?” फुलवाल्याने विचारले.

“भाजी आहे,” डिंकताई ओशाळून म्हणाल्या. “फुलावर गेलेली.”

“मुळ्याला असलं फूल येतं?” तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला. रोज शेकडो फुले हाताळणारा तो माणूस, पण लहान मुलासारखा एकेका देठाला हात लावून पाहत होता. “तीस वर्षं मी फुलं विकतोय. हे कधी बघितलंच नव्हतं.”

“बघणार कसं? त्याआधीच आपण ते खाऊन टाकतो,” ड्रायव्हर म्हणाले.

अ‍ॅस्टरची भरपाई त्याने झाली असे नाही. पण फुलवाल्याने त्या दिवशी शेपूच्या छत्र्या आणि मुळ्याची फुले भरभरून नेली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आला.

वर्ष भरले त्या दिवशी काका पुतण्याला घेऊन आले. मला धडकीच भरली. काकांनी काठी नुकत्याच वर आलेल्या एका ओळीकडे रोखली. दोन-दोन पानांची रोपे, नखाएवढी. पाटी नव्हती.

“हे काय?”

“नवलकोल.”

“कशावरून? कोबी नसेल कशावरून?”

“देठाला जांभळी झाक आहे, काका. माझं बी जांभळ्या नवलकोलचं होतं. कोबीचा देठ हिरवा निघतो.”

काकांनी पुतण्याकडे पाहिले, मग डिंकताईंकडे. मग जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. “उद्यानात प्रत्येक झाडापुढे पाटी होती. बेचाळीस वर्षं मी पाटी वाचून झाड ओळखलं. हिला पाटीच नव्हती, म्हणून हिनं झाड वाचलं.” आणि पुतण्याला म्हणाले, “चल. टेम्पोला दुसरी जागा बघू.”

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. काका गेले, पण पट्टी डिंकताईंकडेच राहिली. त्यांच्या केसांत माझ्यावरच्या धुळीपेक्षा जास्त पांढरे आहे. बी आता पुड्यांत असते, पुडीवर नाव असते आणि पुडीच्या आत नावाची दुसरी चिठ्ठीही असते. मी थकलोय. जमिनीची ओल चढून माझी सर्वांत खालची रांग फुगली आणि तिथले सहा खण बसले ते उघडेनातच. डिंकताईंनी बी वरच्या खणांत हलवले आणि खालच्या रांगेकडे हळूहळू सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले. मीसुद्धा ती रांग मेलेलीच धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात सकाळी मला तिथे काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखे वाटले. खण आणि चौकट यांच्या फटीतून एक पांढरा, वाकडा देठ बाहेर आला होता. त्याने मान उचलली आणि खिडकीच्या दिशेने वळवली. मागे कधी तरी पडलेला घेवड्याचा एक दाणा, आतली ओल, थोडी धूळ, एवढ्यावर तो जागा झाला होता. माझ्या आत! अंधारात! ज्या खणाला मी स्वतः मेलेला म्हणत होतो त्या खणात!

ड्रायव्हरनी पाहिले आणि खण कापून त्याला वाट करून द्यायला करवत आणायला धावले. “थांबा,” डिंकताई म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर हात टेकत माझ्यापुढे खाली बसल्या, फटीपाशी तोंड नेऊन कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांनी वाटीभर पाणी आणून फटीत थेंब थेंब सोडले. “हळू बाळा,” त्या म्हणाल्या. “घाई नाही.”

काल त्याला तिसरे पान आले.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेल द्या, ओलीपासून जपा, हे मी सांगायला हवेच; माझे वयच तसे आहे. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. एखादी गोष्ट संपली, निकामी झाली असे तुम्हाला वाटले, तर ती टाकायला उचलण्याआधी तिच्यापुढे थोडे बसा. आणि बंद खण कधी जोराने ओढू नका. आत कोणी नुकतेच जागे होत असेल.